बालविभागाचा शिक्का

४ ऑगस्ट

धाकट्या,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट न फोडता टाकून द्यायचा तुला पूर्ण हक्क आहे, पण ते तुला जमणार नाही हेही मला ठाऊक आहे. आपल्या घरात वाण्याने पुडी बांधून दिलेला कागदसुद्धा सगळे वाचून काढायचे.

नऊ वर्षांनी पत्र म्हणजे कोणी गेलं असेल असं तुला वाटेल. कोणी गेलेलं नाही. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. तीस सप्टेंबरला निवृत्त होतेय, आणि त्याआधी एक काम उरकायचं आहे. ते काम तुझ्याशी संबंधित आहे म्हणून लिहिते.

आमच्या वाचनालयात एक वेल्डर येतो. म्हणजे तो यायचा नातीला सोडायला. ती बालविभागात रमायची आणि हा बाहेर बाकावर घड्याळ बघत बसायचा. गेल्या आठवड्यात बाक रंगवायला काढला होता, म्हणून तो आत पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसला. गुडघे कानाला लागलेले, आणि मांडीवर एक पुस्तक. नात दोनदा हात ओढून गेली तरी उठला नाही. मग देवघेवीच्या टेबलाशी येऊन त्याने पुस्तक माझ्यापुढे ठेवलं.

"बाई, हे पोरांत कोणी ठेवलं?"

"का हो, काय झालं?"

"माझी आई अशीच गेली. असंच, हळूहळू, एकेक नाव विसरत. हे पोरांना कशाला दाखवताय? आणि आम्हाला इतकी वर्षं का नाही दाखवलं?"

पुस्तक तुझं होतं, तू लिहिलेलं आणि चितारलेलं.

चूक माझी. चित्रं दिसली की बालविभाग, ही आमच्याकडची जुनी पद्धत. नऊ वर्षांपूर्वी तू प्रत देऊन गेलास त्या दिवशी टेबलावर नव्या पुस्तकांचा ढीग होता, हात चालत होता, त्यात तुझ्यावरही शिक्का बसून गेला. दुसऱ्या दिवशी तू हौसेने बघायला आलास, आणि तुला ते बोलणारं अस्वल आणि सचित्र पाढे यांच्यामध्ये उभं दिसलं. चहा अर्धा ठेवलास आणि दुपारची बस धरलीस.

आता हे निस्तरायचं, तर माझ्या एकटीच्या हातात नाही. एकदा दाखल झालेल्या पुस्तकाचा विभाग बदलायचा, तर आमच्या नियमाप्रमाणे वार्षिक सभेची मंजुरी लागते. सभा सव्वीस सप्टेंबरला आहे. त्यानंतर चार दिवसांनी माझ्या जागी दुसरी बाई बसेल, आणि तिला या भानगडीचं काही सोयरसुतक असणार नाही. म्हणजे जे व्हायचं ते या सभेत. मी प्रस्ताव देतेय: मोठ्यांच्या विभागात चित्रकादंबऱ्यांचा स्वतंत्र कप्पा, आणि त्यात पहिलं तुझं पुस्तक.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

तुझी (म्हणू देत असशील तर)
ताई

१९ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं उत्तर नाही, पण पत्र परतही आलेलं नाही. मी याचा माझ्या सोयीचा अर्थ लावला आहे.

समितीची बैठक झाली. अध्यक्ष कोण आहेत माहीत आहे का? तुझे हेडमास्तर. हो, तेच, ज्यांनी तुझ्या भूगोलाच्या वहीतलं माकड वर्गभर फिरवलं होतं. आता काठी आली, कवळी आली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खरं. मी प्रस्ताव वाचून संपवायच्या आत म्हणाले, "बाई, मोठ्या माणसांना चित्रांची पुस्तकं? पुढच्या बैठकीत पाळणा मागाल."

सगळे हसले. मला वाईट हसण्याचं वाटलं नाही. नऊ वर्षांपूर्वी हा विनोद मीच केला असता, याचं वाटलं.

मी विचारलं, "सर, तुम्ही एक तरी वाचलं आहे?"

"बघायची वस्तू वाचायची कशी?"

मग बरीच घासाघीस झाली. शेवटी त्यांनी अट घातली: कप्पा महिनाभर लावून बघा. सभा संपायच्या आत पन्नास प्रौढ सभासदांच्या सह्या आणा, 'हे पुस्तक मी स्वतः वाचलं आणि ते मोठ्यांसाठी आहे' या वाक्याखाली. पन्नासला एक कमी पडली तरी प्रस्ताव बारगळला आणि सगळी पुस्तकं बालविभागात. तुझंही. मी हो म्हणून बसले. घोडामैदान जवळच आहे.

आता वीस पुस्तकं जमवली आहेत. काही विकत घेतली, काही शेजारच्या गावच्या वाचनालयाने उसनी दिली. सगळी आधी मी वाचली, आणि तुला सांगते, मला माझीच लाज वाटली. तीस वर्षं लोकांना पुस्तकं देणारी बाई मी, आणि या गल्लीत कधी पाऊलच टाकलं नव्हतं. एक आहे स्वयंपाकिणीचं. आजारपणानंतर तिला कसलाच वास येईनासा होतो. आता वास काय चित्रात काढणार? पण त्या बाईने (काढणारी बाईच आहे) प्रत्येक वासाला एक रंग दिलाय आणि पानागणिक एकेक रंग काढून घेतलाय. शेवटी उरतो तो फक्त धुराचा करडा. ते बघताना मी उठून मसाल्याचा डबा हुंगून आले. दुसरं आहे बंद पडलेल्या कारखान्याचं. कामगार रोज त्याच वेळी डबा घेऊन घराबाहेर पडतात, बायकांना सांगितलेलं नसतं. तिसऱ्यात दोन जावांची भिंतीला भिंत लागून घरं, बोलणं बंद. डाव्या पानावर एकीचं घर, उजव्या पानावर दुसरीचं, आणि पुस्तकाची शिवण हीच भिंत.

प्रत्येक पुस्तकात मी चिठ्ठी ठेवली आहे, हे कोणी घ्यावं याची. जावांच्या पुस्तकात लिहिलं, 'ज्यांचं घरात कोणाशी तरी वाजलं आहे त्यांच्यासाठी'. लिहिताना तू डोळ्यांपुढे होतास, लपवत नाही.

आणि एक लॉजमधल्या खुनाचं आहे. संशयित सात. गंमत अशी की शब्द वाचत गेलं तर एक खुनी सापडतो, आणि चित्रं नीट बघत गेलं तर दुसराच. मला पहिल्या वाचनात पत्ता लागला नाही. दुसऱ्यांदा बघताना चाळीसाव्या पानावर मी मोठ्याने "अगं बाई" म्हणाले. कोण ते पुढच्या पत्रात सांगते.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी गाळली. तुझं पुस्तक मी तेव्हा वाचलं नव्हतं. तेव्हाच नाही, नंतरही नाही. माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर ते नऊ वर्षं उभं होतं. वेल्डर येऊन गेल्यावर मी एक दिवसाची रजा टाकली आणि सकाळी स्वयंपाकघरात बसून पहिल्यांदा वाचलं. त्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही. जमलं की लिहीन.

ताई

१२ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं कार्ड आलं! पोस्टमन गेला तरी मी दारातच उभी होते. नऊ वर्षांनी दोन ओळी: 'खुनी कोण ते लिहू नकोस. मी ते पुस्तक मागवलं आहे.' ना नमस्कार, ना सही. पण मी ते कार्ड आरशाच्या कडेला खोचून ठेवलंय. नाही लिहीत, बाबा. माझ्या तोंडाला कुलूप.

इकडची बातमी ऐक. कप्पा लावला त्याला तीन आठवडे झाले आणि तो जवळजवळ रिकामा आहे. वीसपैकी अठरा पुस्तकं सतत बाहेर! परत आली की टेबलावरूनच उचलली जातात. आणि सह्या किती? नऊ.

कसं ते सांगते. आमच्या देवघेवीच्या वहीत 'कोणासाठी' असा एक रकाना आहे, कारण एका कार्डावर घरातले सगळे पुस्तकं नेतात. तो रकाना वाचून मी हसावं की रडावं कळेना. नातवासाठी. नातीसाठी. भाचीसाठी. पुन्हा नातवासाठी. वकीलबाईंनी दोन आठवड्यांत पाच पुस्तकं नेली, सगळी 'भाच्यासाठी'. त्या एकुलत्या एक, लग्न केलेलं नाही. भाचा आला कुठून? दाताच्या डॉक्टरांनी तर खुनाचं पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालून मागितलं, आणि म्हणाले दवाखान्यात मुलांसाठी ठेवतो. खून मुलांसाठी!

मी त्यांना सहीचा कागद पुढे केला की सगळ्यांची एकच तऱ्हा. "अहो, मी कुठे वाचलंय? मी नुसतं चाळलं." चाळलेल्या पुस्तकात स्वयंपाकिणीच्या पानावर डोळ्यांतलं पाणी पडल्याचा डाग असतो होय? आपलीच मोरी आणि अंघोळीची चोरी. लाज वाटते त्यांना, आणि ती लाज कोणी लावली? मीही लावली. तीस वर्षं चित्रांचं पुस्तक मागणाऱ्या मोठ्या माणसाला मी बोट दाखवून म्हणत आले, "ते तिकडे, मुलांच्यात."

वेल्डरने मात्र पहिल्याच दिवशी सही केली, तीही एवढी ठळक की खालच्या दोन रेघा खाल्ल्या. तो म्हणतो, "बाई, घाबरू नका. सभेला मी येतो." मी म्हटलं, तुम्ही आलात तरी तुमची सही एकच धरणार. तो म्हणाला, "बघू की."

मला भीती वाटतेय, धाकट्या. नऊवरून पन्नास कशा करायच्या? आणि नाही झाल्या, तर तुझं पुस्तक माझ्याच प्रस्तावामुळे पुन्हा एकदा, या वेळी ठराव करून, बालविभागात जाईल. म्हणजे चूक सुधारायला गेले आणि तिच्यावर सभेची मोहोर उठवून आले असं होईल.

ताई

२७ सप्टेंबर

धाकट्या,

आधी बस. खुर्ची घे. सगळं सांगते, एकही गोष्ट गाळणार नाही. नाही, एक गाळणार आहे, तू घातलेल्या अटीप्रमाणे.

काल सकाळी दहाला सभा सुरू झाली. सभागृह म्हणजे आमचं वाचनाचंच दालन, टेबलं भिंतीला लावलेली. नेहमी तीस माणसं येतात, काल शंभराच्या वर होती. सह्या झाल्या होत्या चौदा. माझा विषय सातवा. पंखे, पाण्याची टाकी, मासिकांची वर्गणी असं करत तो आला तेव्हा बारा वाजत आले होते.

मी भाषण लिहून नेलं होतं, ते काढलंच नाही. तुझं पुस्तक हातात घेऊन उभी राहिले आणि म्हटलं, "हा बालविभागाचा शिक्का मी मारला. हे पुस्तक माझ्या भावाचं आहे, आणि ही चूक नव्हती. मी तो रागाने मारला."

हो. तुलाही आजवर हे सांगितलेलं नाही. कामाचा ढीग नव्हता, हात आपोआप चालला नव्हता. तू पुस्तक देऊन गेल्यावर मी ते मधूनच उघडलं. तीन चित्रं दिसली, आणि तिन्हींत मी पाठमोरी, दाराबाहेर जाणारी. मला वाटलं, आईच्या शेवटच्या वर्षात हा घरी राहिला म्हणून हा चांगला, आणि मी नोकरीला जात होते म्हणून मला सगळ्या जगापुढे पाठ फिरवणारी करून ठेवलं. डोक्यात सणक गेली. म्हटलं, थांब, तुला तुझी जागा दाखवते. आणि दाखवली.

रजेच्या दिवशी मी ते पहिल्या पानापासून वाचलं. तेव्हा कळलं की अख्खं पुस्तक तू आईच्या खाटेवरून दिसतं तसं काढलं आहेस. तिथून कामाला जाणारी मुलगी पाठमोरीच दिसणार. आणि दर वेळी माझ्यामागे दार लागलं की आई तुला विचारते, "ती जेवून गेली का?" तुझं नाव विसरली, माझं विसरली, स्वतःचं विसरली, तरी शेवटच्या पानापर्यंत तेवढं विचारत राहिली. मला हे माहीतच नव्हतं. मी घरात नसताना ती काय बोलायची ते मला कोण सांगणार? तू सांगितलं होतंस, आणि मी ते न वाचता अस्वलाशेजारी उभं केलं. मला माफ कर.

सभेत मी एवढं सगळं बोलले नाही. शिक्क्याचं आणि रागाचं बोलले आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. टाळ्याबिळ्या काही नाहीत. कोणी खाकरलं, कोणी खुर्ची सरकवली. एक जण म्हणाला, "घरगुती बाब आहे, पुढचा विषय घ्या." मी खाली बसले. वाटलं, संपलं.

तेव्हा हेडमास्तर उठले. त्यांना वाटलं आता शेवटचा खिळा ठोकावा. म्हणाले, "मी न वाचता बोलतो असा आरोप नको. ते लॉजच्या खुनाचं पुस्तक मी गेल्या आठवड्यात मुद्दाम वाचलं. पंधरा मिनिटांत संपलं! खून अमक्याने (नावं मी गाळतेय) केला, त्याला पकडला, विषय संपला. यात प्रौढ माणसाने डोकं लावावं असं काय आहे?"

मग मागून दाताचे डॉक्टर म्हणाले, "अमक्याने नाही केला."

"काय?"

"अमक्याने नाही केला, सर. तो निर्दोष आहे बिचारा. तमक्याने केला."

"छे, छे!" वकीलबाई तटकन उभ्या. "तमक्याचा काय संबंध? किल्ली कोणाच्या हातात आहे बघितलीत का? एकविसाव्या पानावर?"

"किल्ली तर जिन्यावर पडलेली असते!"

"ती दुसरी किल्ली! तिला दोरी आहे. या किल्लीला दोरी नाही. फलाणीच्या कमरेला बघा."

"फलाणी तेव्हा गच्चीवर होती."

"कोण म्हणतं? ती म्हणते! चित्रात गच्चीचं दार बंद आहे!"

आणि मग काय सांगू तुला. अख्खं सभागृह पेटलं. पोस्टातला कारकून म्हणतो आरसा बघा. दोन नर्सा पायताणांचे ठसे मोजायला लागल्या. माझ्या जागी येणार आहे ती सहायक बाई, जी माझ्याशी महिनाभर 'हो बाई, नाही बाई' याच्यापलीकडे बोलली नव्हती, ती खुर्चीवर चढून ओरडली, "तुम्ही सगळे पावसाळी कोट विसरताय!" कोणी म्हणे पुस्तक आणा, तर पुस्तक कप्प्यात नाही. ते निघालं डॉक्टरांच्या पिशवीत, कव्हर घातलेलं.

वेल्डरने पुस्तक घेतलं, सरळ हेडमास्तरांपुढे नेलं आणि म्हणाला, "सर, वाचू नका. नुसतं बघा. इथे. आता इथे. आता चाळीसावं पान."

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. बघितलं. मागे गेले, पुन्हा पुढे आले. शंभर माणसं श्वास धरून एका म्हाताऱ्याला चित्रं बघताना बघत होती. आणि मग, धाकट्या, त्यांच्या तोंडून निघालं, "अरे, हा तर पहिल्या पानापासून इथेच उभा आहे!"

काय हशा झाला! पंखे हलले असतील. मी त्या हशातच उभी राहिले आणि सहीचा कागद वर धरला. म्हटलं, "ज्यांना ज्यांना खुनी माहीत आहे, त्यांनी रांगेत या. भाचे आणि नातू नंतर."

वकीलबाई लाल झाल्या, पण पहिल्या आल्या. डॉक्टर आले. नर्सा आल्या. कारखान्याचं पुस्तक वाचलेले चार जण आले, ते चौघे त्याच कारखान्यासारख्या कारखान्यातले. जावांचं पुस्तक वाचलेल्या दोघी एकमेकींशी न बोलता एकामागे एक उभ्या राहिल्या. कागद पुरला नाही, पाठीमागे सह्या घेतल्या. चौसष्ट! हेडमास्तरांनी स्वतः दोनदा मोजल्या आणि ठराव वाचून दाखवला. हात वर झाले. विरोधात एक, तो पंखेवाल्या विषयापासूनच चिडलेला होता.

मग सगळ्यांसमोर मी तुझ्या पुस्तकावरचा शिक्का आडव्या रेघेने खोडला, खाली सही केली आणि शेजारी नवा मारला: प्रौढ विभाग. रडले ते नंतर, पाण्याच्या टाकीमागे जाऊन, आणि आनंदाने रडले. जिंकले रे मी. आपण जिंकलो.

ताई

१ ऑक्टोबर

धाकट्या,

काल खुर्ची सोडली. हार नको म्हटलं होतं, ऐकलं. किल्ल्या सहायक बाईच्या हातात दिल्या (देवघेवीची वही सभेपासून तिच्याकडेच होती), आणि तिथेच साधं सभासद कार्ड काढलं. तीस वर्षांत स्वतःच्या नावाचं कार्ड काढायची वेळच आली नव्हती.

आज सकाळी दहाला, दार उघडायच्या आत, जाऊन उभी राहिले. घरी सुचत नव्हतं. नव्या बाईसमोर कार्ड ठेवलं आणि तुझं पुस्तक मागितलं. म्हटलं आता निवांत, माझ्या कार्डावर नेऊन पुन्हा वाचू.

ती म्हणाली, "बाई, ते जागेवर नाही. सभेच्या दिवशीच गेलं."

"मग नोंद करा माझी."

तिने वही उघडली, बोटाने मोजलं आणि म्हणाली, "तुमच्याआधी अकरा जण आहेत. तिसरा नंबर हेडमास्तरांचा आहे. नियम तुम्हीच केलेला, पुढे घालता येणार नाही."

मी टेबलाच्या या बाजूला उभी राहून इतकी हसले की मासिकं वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. अकरा जण, आणि प्रत्येकाला पंधरा दिवस. हिशेब कर. मार्च उजाडेल.

एवढं मी थांबणार नाही. तुझ्याकडे एखादी प्रत असेलच. पण ती पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये.

ताई